चौथ्या ओळीतलं अक्षर

मेस्सेर लात्तान्झिओ हसले आणि बेत्तोच्या हातातला ओला फडका जागच्या जागी थांबला. हसणं काही मोठं नव्हतं. नाकातून निघालेला एक बारीकसा आवाज. एरवी छिन्न्यांच्या ठकठकाटात तो विरूनही गेला असता, पण त्या क्षणी कारखान्यात नेमकी शांतता होती. बेत्तोने नुकताच संगमरवरावरून फडका फिरवला होता, धूळ उतरून अक्षरं वर आली होती, आणि लात्तान्झिओ कमरेवर हात ठेवून, स्वतः लिहिलेला मजकूर स्वतःच्या आवाजात वाचत होते. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीला त्यांनी सुखाने डोळे मिटले. चौथीच्या मध्यावर ते अडखळले, वाकले, दगडाला बोट लावलं आणि हसले. "बेत्तो," ते म्हणाले, "अरे, तू लॅटिन रचायला कधीपासून लागलास?" पलीकडे मेओ एका हाराची पानं कोरत बसला होता. वीस वर्षं तो आणि बेत्तो एकाच छपराखाली काम करत होते, मेओकडे पानंफुलं आणि बेत्तोकडे अक्षरं. नगरसभेच्या कचेरीतला चिटणीस हसला म्हणून मेओही हसला. आणि ते दुसरं हसणं बेत्तोला जास्त लागलं.

कागदावर होतं 'विक्सित आन्नोस', म्हणजे इतकी इतकी वर्षं जगला. दगडावर होतं 'विक्सित आन्नीस'. गोल 'ओ'च्या जागी उभा 'ई', नुसती एक सरळ रेघ. एवढाच फरक. पण लात्तान्झिओंनी तो असा समजावून सांगितला की जणू बेत्तोने मास्तर उगोलिनोंच्या थडग्यावर शिवी कोरली होती. "पहिल्या वर्षाची पोरं ही चूक करतात आणि छड्या खातात. आणि हा दगड कुणाचा? ज्या माणसाने अर्ध्या फ्लॉरेन्सला व्याकरण शिकवलं त्याचा! रविवारी दगड लोकांसमोर येणार. कचेरीतले सगळे येणार, बिशपकडचे दोघे पंडित येणार, आणि ते काय बघायला येणार ठाऊक आहे? माझं कुठे चुकतंय ते. लोक हसतील ते तुला नाही हसणार, बेत्तो. मजकूर माझा आहे." मग आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमाने, त्यांनी विचारलं, "डोळ्यांना कमी दिसायला लागलंय का रे? असेल तर सांग. त्यात लाज कसली." बेत्तो म्हणाला, "दिसतं मला." ते म्हणाले, "मग ती जागा बुजव. मेण आणि दगडाची पूड भर, वर 'ओ' कोर. गुरुवारी येतो." ते गेल्यावर मेओने छिन्नी खाली ठेवली. "'ई'च्या जागेत 'ओ' मावतोय होय? चार माणसांच्या बाकड्यावर जाडा पाचवा बसवल्यासारखं दिसेल." त्याला बेत्तोची बाजूच घ्यायची होती. बेत्तोने त्याच्याकडे बघितलं नाही.

पस्तीस वर्षांत त्याचं एक अक्षर चुकलं नव्हतं. बोलायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखरच. दुसऱ्यांचे दगड त्याने बघितले होते: ओळ संपता संपता जागा कमी पडली म्हणून एकमेकांच्या पोटात घुसवलेली अक्षरं, विसरलेला 'टी' वरच्या बाजूला कावळ्यासारखा बसवलेला. त्याच्या दगडांवर असं काही नव्हतं. सान्तो स्पिरितोच्या वस्तीपासून उत्तरेच्या वेशीपर्यंत त्याची अक्षरं उभी होती. रस्त्याने जाताना तो त्यांच्याकडे मुद्दाम बघत नसे, पण ती तिथे आहेत हे त्याच्या पाठीला कळत असे. आज दुपारी घरी जाताना तो दुसऱ्या गल्लीने गेला. घरी लापाने, त्याच्या बायकोने, वालाच्या दाण्यांची आमटी आणि पाव पुढ्यात ठेवला. "अहो, निवतंय ते." तो दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसला होता. उजव्या हाताचा अंगठा वाकडा झालेला, नखांच्या कडेला कधीच न जाणारी पांढरी रेघ. म्हातारपण असंच येत असेल का? दात पडत नाहीत, कंबर धरत नाही. एका सोमवारी तुमचा हात तुम्हाला न विचारता काहीतरी करतो आणि दुसरा माणूस हसतो तेव्हा ते तुम्हाला कळतं. त्याने लापाला झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "मग करा की दुरुस्त. त्यात एवढं काय?" आणि जरा थांबून, "पण तुमचं चुकतं कसं? तुम्ही तर मीठ सांडलं तरी ओळीत सांडता."

कसं चुकलं? ती ओळ त्याने कधी आखली होती? हे आठवायला त्याला वेळ लागला नाही, पण आठवल्यावर त्याने चमचा खाली ठेवला. मास्तरांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. कोरायच्या आधी अक्षरं कुंचल्याने लाल रंगात दगडावर लिहावी लागतात. पहिल्या तीन ओळी त्याने कागद समोर धरून, अक्षरन् अक्षर तपासून लिहिल्या होत्या. चौथीला कागद बघितला नाही. चौथी ओळ सगळ्या थडग्यांवर सारखीच असते, जगला, इतकी वर्षं, इतके महिने. मास्तरांच्या अंगावर टाकलेल्या मातीचा वास अजून त्याच्या नाकात होता. शेवटी शेवटी ते इतके हलके झाले होते की तिरडी धरणाऱ्या चौघांना पावलं जुळवायला जड गेलं. हे सगळं मनात होतं आणि हात लिहीत होता. हात चुकला नव्हता. हाताने तेच लिहिलं जे त्याने जन्मात सगळ्यात आधी लिहिलं होतं. हे त्याला इतकं लख्ख दिसलं की त्याचे कान तापले. लापा म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. वाढ अजून."

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि फिएझोलेच्या टेकडीवर खाणीत करडा दगड फोडत होता. त्याला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. चर्चच्या भिंतीवरची जुनी अक्षरं त्याला काटेरी कुंपणासारखी वाटायची, दाटीवाटीची, आत शिरायला जागा नसलेली. एका दुपारी खालून शहरातून एक किडकिडीत शाळामास्तर चढून आला, घामाघूम, काळ्या झग्याला गवताची कुसळं चिकटलेली, आणि खाणवाल्यांना विचारू लागला की इथे जवळपास कुठे जुना, लिहिलेला दगड आहे का. सगळे हसले. बेत्तो म्हणाला, आहे, नान्नीच्या शेतावर, डुकरं त्यात खातात. दगडाची कुंडी होती ती, कुणीतरी केव्हातरी जुनी शिळा पोखरून केलेली. एका अंगाला लिहिलेलं होतं, पण ते शेणामातीत बुडालेलं. बेत्तोने पहार लावून कुंडी उलटी केली, ओंजळीने पाणी आणून ती बाजू धुतली, आणि चिखलातून एकेक अक्षर बाहेर यायला लागलं. ती काटेरी नव्हती. अशी अक्षरं त्याने कधी बघितलीच नव्हती. मास्तर उगोलिनो, तेव्हाचे तिशीतले उगोलिनो, गुडघ्यांवर चिखलात बसले आणि त्याला म्हणाले, "बघ, कुणी कुणाला ढकलत नाही. प्रत्येकजण आपापल्या पायांवर उभा आहे, आणि दोघांच्या मध्ये श्वास घेण्याएवढी जागा आहे. पूर्वी माणसं स्वतःला अशी समजायची, बेत्तो. मध्यंतरी विसरली." मग त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, इथे चुकलंय." त्यांनी पुन्हा वाचलं. आणि मग, हे बेत्तोने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती हातात धरून तसेच उन्हात बसून राहिले. बेत्तोला वाटलं यांना ऊन लागलं. शेवटी ते म्हणाले, "व्याकरण मला मेलेल्या पंडितांनी शिकवलं. ही चूक मात्र जिवंत माणसाची आहे. हिला मी कधी हात लावणार नाही." त्या शिळेवरून कोळशाच्या काडीने बेत्तो अक्षरं शिकला. वर्षभर दर रविवारी मास्तर वर चढून यायचे. ए, एन, पुन्हा एन, मग उभा ई, मग वळणदार एस, जो त्याच्याकडून त्यांनी पुन्हा पुन्हा काढून घेतला होता. आन्नीस. त्याचं पहिलं अक्षर नव्हे, पहिला शब्द.

बुधवारी सकाळी तो नगरसभेच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. आत जायची त्याची हिंमत नव्हती असं नाही, पण अंगावर दगडाची धूळ होती आणि ती झटकायची त्याची इच्छा नव्हती. लात्तान्झिओ बाहेर आले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दोघे होते. "मी 'ओ' कोरणार नाही," बेत्तो म्हणाला. इतकं सरळ बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. लात्तान्झिओंनी त्याचा दंड धरून त्याला खांबाआड नेलं. "वेडबीड लागलंय का तुला? चूक ती चूक. तू नाही केलीस तर दुसरा कोरील, आणि मग या शहरात तुला पायरीचा दगड घडवायलासुद्धा कुणी बोलावणार नाही." "जुन्या दगडांवर तसंच आहे," बेत्तो म्हणाला. "कुठल्या जुन्या दगडांवर?" "फिएझोलेला. चला माझ्याबरोबर. वाचून बघा. तुम्ही वाचल्यावर म्हणालात की नाही, तर गुरुवारी मी स्वतः ती जागा बुजवून 'ओ' कोरून देतो." लात्तान्झिओंनी त्याच्याकडे नीट बघितलं, सोमवारपासून पहिल्यांदाच. जुना दगड म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते मास्तरांचे शिष्य होते हे बेत्तोला त्या क्षणी आठवलं.

ऑक्टोबर होता. टेकडीच्या वाटेवर सगळीकडे पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचा आंबूस वास. लात्तान्झिओंचे बूट शहरातल्या फरशीचे, ते घसरत होते आणि प्रत्येक वेळी घसरले की रागाने बेत्तोकडे बघत होते. नान्नी मरून बारा वर्षं झाली होती, आता शेतावर त्याची सून केक्का होती, रुंद हाडाची, बाह्या वर केलेली. तिने चिटणिसांचा लाल झगा बघितला आणि दारातच आडवी उभी राहिली. "कर असेल तर माझा नवरा घरी नाही." "कर नाही, केक्काबाई," बेत्तो म्हणाला, "तुझी कुंडी बघायचीय." "कुंडी? ती डुकरांची आहे." "माहीत आहे." "मग बघा की. पण उलटी करायची असेल तर आतलं आधी तुम्ही काढा. मी आत्ताच टाकलंय." दोन डुकरिणी हुसकावल्या गेल्या, त्या नाखुशीने बाजूला झाल्या. बेत्तोने खरकटं उपसलं, कुंडी एका अंगावर कलती केली. अक्षरांत चिखल सुकून बसला होता. तो खाली बसणार इतक्यात लात्तान्झिओच बसले, लाल झग्यासकट, आणि नखाने माती उकरायला लागले. केक्का म्हणाली, "अगं बाई. फडका देऊ का?" त्यांनी ऐकलं नाही. बेत्तो उभा होता. त्यांच्या मानेवर घाम आला होता आणि बोटं भराभर चालत होती, मास्तरांची चालायची तशी. मग ते वाचायला लागले, हळू, हसल्याशिवाय. फाउस्तासाठी. विक्सित आन्नीस सहा, महिने दोन. तिच्या बापाने, प्रिमिजेनिउसने, केलं. "काय म्हणतोय तो?" केक्काने विचारलं. "एक मुलगी होती," बेत्तो म्हणाला. "सहा वर्षांची. तिच्या बापाने दगड केला." केक्काने कुंडीकडे बघितलं, मग डुकरांकडे. "आम्हाला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

लात्तान्झिओ उठले. हरल्यासारखे दिसत नव्हते. "मग?" ते म्हणाले. "यात काय सिद्ध झालं? रोममध्येही तुझ्यासारखे पाथरवट होते ज्यांना लॅटिन येत नव्हतं. चूक हजार वर्षं जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही, बेत्तो." हे उत्तर बेत्तोला अपेक्षित नव्हतं. टेकडी चढताना त्याने मनात एकच चित्र बघितलं होतं: ते वाचतील, गप्प होतील, संपलं. आता शब्द शोधावे लागणार होते आणि शब्द त्याचा धंदा नव्हता. खाली दरीत शहर दिसत होतं, मोठ्या घुमटाचा लाल रंग उन्हात भाजलेल्या विटेसारखा. त्याला वाटलं, गप्प बसावं, 'ओ' कोरून द्यावा, लापा म्हणाली तेच खरं. आणि मग त्याला राग आला. स्वतःसाठी नव्हे. "मला लॅटिन येत नाही," तो म्हणाला, "पण याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुम्हाला कळलं. केक्काला कळलं. मुलगी किती वर्षांची होती हे आजवर एका तरी माणसाला या 'ई'मुळे चुकीचं कळलं का? मास्तरांनी इथे, तुम्ही उभे आहात तिथे, टोपी काढली होती. म्हणाले, ही चूक जिवंत माणसाची आहे, हिला मी हात लावणार नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दगड फोडायचो. माणसाने माणसापुढे टोपी काढलेली बघितली होती, पण ती सरदारापुढे, बिशपपुढे. डुकरांच्या कुंडीपुढे, एका पाथरवटाच्या चुकीपुढे काढलेली पहिल्यांदा बघितली. तुम्ही पुस्तकांतून त्यांचे शिष्य आहात, मेस्सेर. मी यातून आहे. माझा हात चुकला नाही. त्यांनी शिकवलेलंच त्याने लिहिलं."

लात्तान्झिओ वळले. केक्काने आणलेल्या फडक्याला त्यांनी बोटं पुसली, तिला मान लवून नमस्कार केला (ती दचकली) आणि वाटेला लागले. अर्धी टेकडी उतरून झाली. मग मुन्योनेच्या ओढ्यापाशी, दगडावर पाय ठेवता ठेवता, ते म्हणाले, "खरंच टोपी काढली होती?" "हो." "माझी वही फाडली होती त्यांनी. याच चुकीसाठी. मी नऊ वर्षांचा होतो. सगळ्या वर्गासमोर फाडली, आणि तुकडे मला गोळा करायला लावले." त्यांचा आवाज चिटणिसाचा राहिला नव्हता. बेत्तोला एकदम कळलं की सोमवारचं ते हसणं त्याला उद्देशून नव्हतंच, ते फार जुनं होतं.  तो म्हणाला, "तुमच्याकडून त्यांना सगळंच हवं होतं. माझ्याकडून फक्त सरळ रेघ." लात्तान्झिओ थोडं हसले, आणि हे हसणं वेगळं होतं. वेशीपाशी आल्यावर ते म्हणाले, "दगड बसव." बेत्तोने विचारलं, "कसा?" पण ते गर्दीत शिरले होते, झग्याच्या मागच्या बाजूला चिखलाचा मोठा डाग घेऊन.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. शनिवारी बेत्तोने आणि मेओने दोर लावून दगड चर्चच्या डावीकडच्या भिंतीत बसवला, होता तसा. मेओ म्हणाला, "त्यांनी नाही म्हटलं तर?" बेत्तो म्हणाला, "त्यांनी हो म्हटलंय असं मी धरून चाललोय." रात्रभर त्याला झोप लागली नाही असं काही झालं नाही. तो गाढ झोपला, आणि सकाळी लापाने त्याचा चांगला डगला काढून दिला तेव्हा त्याला जाणवलं की आपण घाबरलेलो नाही. काही झालं तरी आपल्याला हा दगड बघायचा आहे. एवढंच.

चर्च भरलं होतं. पुढे कचेरीतले लोक, बिशपकडचे दोघे पंडित, मास्तरांचे म्हातारे झालेले विद्यार्थी. बेत्तो मागे दाराजवळ, मेओ त्याच्या बाजूला. प्रार्थना झाल्यावर लात्तान्झिओ दगडापाशी गेले. त्यांनी लोकांकडे बघितलं नाही, दगडाकडेही लगेच बघितलं नाही. मग वाचायला लागले. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. बेत्तोच्या लक्षात आलं की आपला उजवा अंगठा डाव्या मुठीत आहे. चौथी ओळ. "विक्सित," लात्तान्झिओ म्हणाले आणि थांबले. कारखान्यात थांबले होते तेवढेच. मग आवाज चढवून, दोन्ही पंडितांकडे थेट बघत, एकेक अक्षर वेगळं करून, ते म्हणाले, "आन्नीस." पुढच्या रांगेत कुजबुज उठली. एका पंडिताने दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. लात्तान्झिओ ओळखीचं हसू दाबत म्हणाले, "हो, आन्नीस. जुन्या दगडांवर असंच आहे. मी स्वतः वाचलंय. शंका असेल त्याने फिएझोलेला जावं, फक्त जुने कपडे घालून." कुणीतरी हसलं, आणि पंडितांपैकी जो म्हातारा होता तो जरा विचार करून मान डोलावताना दिसला. मेओने बेत्तोच्या बरगडीत कोपर मारलं. बेत्तोने लक्ष दिलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते मेओला दिसू द्यायचे नव्हते.

लोक पांगले. लात्तान्झिओ जाताना त्याच्यापाशी थांबले नाहीत, नुसती मान हलवली, आणि बेत्तोला ते पुरे झालं. तो दगडापाशी गेला. वरच्या झरोक्यातून उजेड तिरपा पडत होता, तसाच पडेल हा त्याचा अंदाज होता, आणि प्रत्येक अक्षराच्या डाव्या कडेला बारीक सावली उतरली होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. तो बराच वेळ तिथे असावा, कारण मागून कुणीतरी खोकलं तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. एक म्हातारी होती, कमरेला चाती खोचलेली, लोकरीचं सूत कातणाऱ्या बायांपैकी. तिने भिंतीकडे हनुवटी केली. "काय लिहिलंय रे बाबा ते?" "मास्तर होते एक," बेत्तो म्हणाला. "उगोलिनो नाव. खूप शिकवलं लोकांना. एकाहत्तर वर्षं जगले." म्हातारीने मान वर करून ओळींवरून नजर फिरवली, कापड निरखावं तशी, कड न् कड. "सरळ आहे अगदी," ती म्हणाली. "कुणी लिहिलं?"

"मी," बेत्तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि छताला लागून परत आला.